टूरमालेचा घाट

फ्रान्स व स्पेन या दोन देशांमध्यें पिरेनीज नांवाची जी पर्वताची रांग आडवी पडली आहे, तिच्या उत्तरेकडील अंगास, फ्रान्सच्या हद्दींत, एकामागून एक असे चार घाट लागतात. पेरसूर्द, आस्पाँ, टूरमाले आणि ओबिस्क. यांतील पहिला १५६९ मीटर उंच, दुसरा १४८९, तिसरा २११५ व चौथा १७०९. हे आंकडे वाचकांस कोरडे वाटूं नयेत म्हणून इतकेंच सांगतों कीं, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटर आहे. म्हणजे टूरमालेच्या घाटमाथ्यावर उभा राहिलेला मनुष्य कळसूबाईच्या माथ्याहूनहि ४५० मीटरांवर उंच असतो. आणि ही कांहीं शिखराची पाऊलवाट नव्हे. दोन खोऱ्यांना जोडणारी ती खिंड आहे, गाडीरस्ता आहे. या चारहि घाटांवरून इ. स. १९१० च्या जुलै महिन्याच्या २१ तारखेस सायकलस्वारांची एक शर्यत गेली. त्या एका दिवसाविषयीं युरोपांत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, आतां त्याची दंतकथाच होऊन बसली आहे, आणि त्या दंतकथेंतील राक्षस हा पर्वत आहे. आम्हांस मात्र ती हकीकत जितक्या वेळां वाचावी तितक्या वेळां एक शंका येते. त्या दिवशीं माणसांचे जे हाल झाले ते डोंगरानें केले, कीं पॅरिसच्या कचेरींत बसून नियम करणारांनीं केले?

प्रथम त्या रस्त्याची हकीकत सांगितली पाहिजे. कारण हा रस्ता शर्यतीसाठीं नव्हे, आजाऱ्यांसाठीं बांधला गेला. पिरेनीजच्या खोऱ्यांतून कढत पाण्याचे झरे पुष्कळ आहेत. आपल्याकडे कोंकणांत ज्यांस उन्हाळीं म्हणतात, तशींच हीं. त्यांत स्नान केलें असतां सांधे मोकळे होतात, जुन्या जखमा भरतात, ही समजूत तिकडेहि फार जुनी. चौदाव्या लुई राजाचा एक मुलगा लहानपणीं पायानें अधू होता. त्याला बारेज गांवच्या उन्हाळ्यावर नेण्यासाठीं १६७५ सालीं टूरमालेची खिंड ओलांडावी लागली. त्या वेळीं चाकाची गाडी जाईल असा रस्ता तेथें नव्हता. त्या मुलाबरोबर त्याचें संगोपन करणारी जी बाई होती, तीच पुढें मादाम द मँतनों या नांवानें प्रसिद्धीस येऊन राजाची पत्नी झाली. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनीं, तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानींत, हीं सारीं उन्हाळीं एकमेकांस जोडणारा गाडीरस्ता १८६० नंतरच्या दशकांत तयार झाला. धनिक रोग्यांनीं एका गांवचें पाणी प्यावें, दुसऱ्या गांवच्या कुंडांत बसावें आणि मधल्या प्रवासांत सृष्टिसौंदर्य पाहावें, असा त्यांतील हेतु. पुढें खोऱ्याखोऱ्यांतून आगगाडी आली, आणि घाट चढून जाण्याचें कारण उरलें नाहीं. वरचा रस्ता मेंढपाळांचा व लांकूडतोड्यांचा झाला. वर्षाचा निम्मा काळ तो बर्फाखालीं असे. बर्फ वितळलें कीं लोटांनीं पाडलेले चर, वरून घसरून आलेले धोंडे आणि सुटी खडी एवढेंच काय तें उरे. रानांत अस्वलें असत. (हीं अस्वलें पुढें इतकीं नाहींशीं झालीं कीं १९९६ पासून तीं स्लोव्हेनियांतून आणून सोडावीं लागलीं. परंतु १९१० सालीं सायकलस्वारांस त्यांची भीति खरोखरच वाटत होती.)

आतां शर्यतीकडे वळूं. पॅरिस येथें 'लोतो' नांवाचें एक क्रीडाविषयक दैनिक पिवळ्या कागदावर निघत असे. प्रतिस्पर्धी पत्राहून आपला खप वाढावा एवढ्याच हेतूनें त्याच्या चालकांनीं १९०३ सालीं फ्रान्सभोंवतीं सायकलची शर्यत सुरू केली. संपादक हेन्री देग्रांज हा वकिलाच्या कचेरींतून सायकलीकडे वळलेला गृहस्थ. १८९३ सालीं एका तासांत ३५.३२५ किलोमीटर जाण्याचा पहिला विक्रम त्यानेंच केला होता. तेव्हां सायकल कशाशीं खातात हें त्याला ठाऊक नव्हतें असें कोणीं म्हणूं नये. पण तो विक्रम गुळगुळीत गोल धांवपट्टीवरचा होता, हेंहि विसरूं नये.

आल्फोंस स्टेनेस नांवाचा त्याचा एक सहकारी होता. शर्यत पिरेनीजच्या घाटांतून न्यावी असा ध्यास यानें घेतला. देग्रांजला धाडस होईना. शेवटीं स्टेनेस स्वतःच वाट पाहण्यास गेला. बर्फ अजून उतरलें नव्हतें. भाड्यानें घेतलेली मोटार माथा कांहीं किलोमीटरांवर राहिला असतां बर्फांत अडकली. रात्र पडत चालली होती. गाडी सोडून तो पायीं निघाला, वाट चुकला, बर्फांत घसरला, आणि पलीकडच्या बारेज गांवीं पोंचला तेव्हां पहांटेचे तीन वाजले होते. गांवकरी कंदील घेऊन त्याच्या शोधास निघाले होते. सकाळीं त्यानें संपादकास तार केली तिचा आशय असा कीं, टूरमाले ओलांडला, रस्ता फार उत्तम आहे, जाण्यास कांहींएक अडचण नाहीं. वृत्तपत्राच्या इतिहासांत खोट्या तारा पुष्कळ आहेत. पण ज्यानें ती स्वतःच्या हालांवर पांघरूण घालण्यासाठीं केली आणि जिच्या आधारावर दुसऱ्या शंभर माणसांस त्याच वाटेनें पाठविलें, अशी ही एकच असावी.

शर्यत ३ जुलै १९१० रोजीं पॅरिसहून निघाली. महाराष्ट्रीय वाचकास फ्रान्सचा तो महिना निराळ्याच कारणानें स्मरतो. ८ जुलै रोजीं मार्सेयच्या बंदरांत 'मोरिया' बोटींतून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली. त्या दिवशीं हे सायकलस्वार पूर्व सरहद्दीजवळ बेलफोर येथें विसांवा घेत होते. एकाच देशांत, एकाच आठवड्यांत, किती भिन्न प्रकारचीं साहसें चाललेलीं असतात!

निघाले तेव्हां ११० स्वार होते. २१ तारखेस पिरेनीजच्या पायथ्याच्या लुशों गांवाहून, पहांटे साडेतीनच्या सुमारास, अंधारांतच उरलेल्यांनीं पायडल मारण्यास आरंभ केला. त्या दिवसाची मजल ३२६ किलोमीटरांची, म्हणजे २०० मैलांहून अधिक. मधें चार मोठे घाट, आणि शेवटचा घाट उतरल्यावरहि समुद्राजवळचें बायॉन शहर बरेंच दूर. प्रत्येकाच्या सायकलीस धांवतांना बदलतां येईल असा गिअर नव्हता; कारण नियमांत त्यास मनाई होती. सपाटीवर वेगानें जाण्यास जें दांतेरी चक्र योग्य, तेंच घाटांतहि रेटावयाचें. ज्यांनीं आपल्याकडील एखादा साधा घाट सायकलीवरून चढण्याचा यत्न केला असेल त्यांस याचा अर्थ सांगावयास नको: मांड्या भरून येतात, चाक थांबतें, आणि सुट्या खडींत एकदां चाक थांबलें कीं पुन्हां बसून निघणें दुरापास्त.

ओक्ताव्ह लापीझ हा २२ वर्षांचा तरुण आणि लक्झेंबर्गचा धिप्पाड फ्रान्स्वा फाबेर, या दोघांत त्या वर्षीं मुख्य चुरस होती. टूरमालेच्या पायथ्याचें गांव सेंत-मारी-द-कांपां. तेथून माथ्यापर्यंत १७ किलोमीटर, आणि तेवढ्यांत चढावयाचें सुमारें १२७० मीटर. लापीझ कांहीं अंतर बसून व कांहीं अंतर सायकल हातीं धरून चालत असा माथ्यावर प्रथम आला. त्याच्या मागोमाग आलेल्या गुस्ताव्ह गारिगू यानें मात्र एकदांहि पाय खालीं न टेकतां तो घाट चढून दाखविला, आणि त्याबद्दल त्याला १०० फ्रँकांचें बक्षीस मिळालें.

देग्रांज त्या दिवशीं तेथें नव्हता. शर्यतीची सूत्रें व्हिक्टर ब्रेयर नांवाच्या सहकाऱ्याकडे सोंपवून तो मागें राहिला होता. परीक्षेचे नियम करणारानें परीक्षेच्या दिवशीं रजेवर असावें, हा प्रकार आम्हां अध्यापकांस अगदींच अपरिचित नाहीं! ब्रेयर आणि स्टेनेस ओबिस्कच्या घाटांत मोटार उभी करून वाट पाहत बसले. वेळ टळून गेली, कोणी येईना. अखेर एक स्वार दिसला, पण तो नामांकितांपैकीं नव्हे. लाफुर्काद नांवाचा त्याच मुलुखांतला, फारसा कोणास ठाऊक नसलेला गडी. बाकीचे कोठें आहेत म्हणून विचारलें, तर त्यानें उत्तर म्हणून केवळ एक हुंकार दिला व तो पुढें गेला. पाव तासानें लापीझ आला. तो सायकलीवर बसलेला नव्हता. सायकलीच्या आधारानें कसाबसा चालत होता. अधिकाऱ्यांकडे पाहून तो ओरडला तो शब्द सर्व युरोपभर झाला: "खुनी आहांत तुम्ही!" घाट उतरतांच आपण शर्यत सोडणार असेंहि त्यानें सांगितलें. तथापि सोडली मात्र नाहीं. लाफुर्कादला गांठून, १४ तास व १० मिनिटांनीं, तो बायॉनला पहिला पोंचला. दहा दिवसांनीं पॅरिसला शर्यत संपली तेव्हां फाबेरहून केवळ चार गुणांनीं सरस ठरून तोच विजयी झाला. ११० पैकीं ४१ जण परत आले. त्याच वर्षीं मागें राहिलेल्यांस गोळा करीत येणारी एक गाडी शर्यतीच्या शेपटाला जोडण्यांत आली. लोकांनीं तिला केरसुणीची गाडी असें नांव ठेविलें, तें अद्याप चालतें.

पत्राचा खप वाढला, हें सांगावयास नकोच. घरोघरीं न्याहरीच्या टेबलाशीं लोकांनीं डोंगराचीं वर्णनें वाचलीं आणि स्वारांस वीर ठरविलें. ते वीर होते याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो दुसऱ्या गोष्टीविषयीं. हा घाट सायकलीस अजिंक्य होता, आणि १९१० सालीं तो प्रथमच जिंकला गेला, असें जें भासविण्यांत आलें, तें खरें नव्हे.

सेंतेत्येन नांवाच्या गांवीं पॉल द व्हिव्ही म्हणून एक रेशमाचा व्यापारी होता. व्यापार सोडून तो सायकलीच्या नादीं लागला, १८८७ सालीं त्यानें या विषयास वाहिलेलें एक मासिक काढलें, आणि 'वेलोसियो' या टोपणनांवानें तो आमरण लिहीत राहिला. १९३० सालीं तो वारला. डोंगर चढावयाचा तर चढाला योग्य असें हलकें दांतेरी चक्र हवें, सपाटीला योग्य असें जड हवें, आणि तीं दोन्ही एकाच सायकलीवर हवींत, हें त्याचें म्हणणें. तो स्वतः तऱ्हेतऱ्हेचे गिअर जोडून गांवालगतचा घाट नित्य चढे, आणि दूरदूरच्या डोंगरांतून शेंकडों मैल हिंडे. १९०२ सालीं, म्हणजे देग्रांजच्या शर्यतीपूर्वीं आठ वर्षें, फ्रान्सच्या पर्यटक-संघानें सायकलींचे गिअर व ब्रेक पारखून पाहण्यासाठीं एक परीक्षा घेतली, ती याच टूरमालेवर. मार्त हेस नांवाच्या एका बाईनें तीन गिअरांच्या सायकलीवरून, पाय न टेकतां ती पार पाडली, असें त्या काळचे सायकलप्रेमी अभिमानानें सांगत आले आहेत. यावर देग्रांजचा अभिप्राय काय झाला? असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांस ठीक. तरुणानें स्नायूंच्या बळावर जिंकावें, यंत्राच्या युक्तीवर नव्हे. ज्यांची पंचेचाळिशी उलटून गेली आहे अशा आमच्यासारख्यांस यांत थोडी सवलत मिळते, त्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहों! परंतु स्नायू व युक्ति यांचा असा काडीमोड करणारा मनुष्य स्वतः सायकल नांवाच्या यंत्रावरच उपजीविका करीत होता, हें चमत्कारिक नव्हे काय?

या नियमांचें खरें स्वरूप १९१३ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं शर्यत उलट दिशेनें, बायॉनहून लुशोंकडे चालली होती. यूजेन क्रिस्तोफ हा अनुभवी स्वार टूरमालेच्या माथ्यावरून दुसऱ्या क्रमांकानें उतारास लागला, आणि कांहीं अंतरावरच त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असे: सायकल बदलतां येत नाहीं, दुरुस्ती ज्याची त्यानेंच करावयाची, कोणाचें साहाय्य घ्यावयाचें नाहीं. क्रिस्तोफनें सायकल एका खांद्यावर घेतली, चाक दुसऱ्या हातांत घेतलें, आणि मागून येणारे प्रतिस्पर्धी एकामागून एक पुढें जात असतां तो त्या खडीच्या रस्त्यानें दहाबारा किलोमीटर चालत खालीं सेंत-मारी-द-कांपां गांवास आला. वाटेंत तो रडला, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें.

गांवांत लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीस सिद्ध होता. पण क्रिस्तोफच्या मागोमाग शर्यतीचे अधिकारी येऊन उभे राहिले होते. तेव्हां लोहारानें नुसतें तोंडानें सांगावयाचें आणि क्रिस्तोफनें करावयाचें असें ठरलें. सुदैवानें तो मूळचा कुलपें-किल्ल्या करणारा कारागीर. लोखंड त्याला परकें नव्हतें. त्यानें लोखंडाची नळी तापविली, ऐरणीवर ठोकली, जोडली. पण तापलेलें लोखंड धरण्यास व ठोकण्यास दोन हात लागतात, आणि भाता ओढण्यास तिसरा हवा. तो तिसरा हात भट्टींतल्या एका पोराचा होता. पहारा करीत असलेल्या अधिकाऱ्यांपैकीं एकानें भूक लागली म्हणून कांहीं खाऊन येण्याची परवानगी मागितली, तेव्हां क्रिस्तोफनें "कोळसे खा" म्हणून उत्तर दिलें, असें सांगतात. मी तुमचा कैदी आहें, तर तुम्हीहि माझे कैदी, असा त्याचा भाव. काम संपावयास तीन तासांच्या वर लागले. मग खिशांत भाकरीचा तुकडा कोंबून तो उरलेले घाट चढण्यास निघाला. पोरानें भाता ओढला याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढें तो कमी करून तीन मिनिटांवर आणला. शर्यत फिलिप तीसनें जिंकली. युद्धानंतर १९१९ सालीं पहिल्या क्रमांकाच्या स्वारानें अंगांत घालावयाचा पिवळा सदरा प्रथम निघाला, तो घालण्याचा पहिला मान क्रिस्तोफचा. आणि त्याहि वर्षीं शर्यत संपत आली असतां त्याचा चिमटा पुन्हां मोडला! लोकांनीं वर्गणी केली ती विजयी वीराच्या बक्षिसाहून अधिक भरली. ती शर्यत तो कधींच जिंकला नाहीं.

नियमांविषयीं आम्ही इतकें कठोर बोललों, तर त्यांची दुसरी बाजूहि मांडणें प्राप्त आहे. साहाय्य घेऊं नये हा नियम देग्रांजनें केवळ क्रौर्यानें केला नव्हता. १९०४ च्या शर्यतींत इतकी लबाडी झाली कीं पहिले चारहि स्वार बाद करावे लागले, आणि हेन्री कोर्ने नांवाच्या १९ वर्षांच्या पोरास विजयी ठरवावें लागलें. शिवाय सायकलींचे कारखानदार पैशाच्या जोरावर आपल्या स्वारांस सर्व सोयी पुरवीत. ज्यांच्या पाठीशीं कारखाना नाहीं, त्यांस मुक्कामाच्या गांवीं बिछाना व जेवणहि स्वतःच शोधावें लागे. गरीब व श्रीमंत यांस एका मापानें मोजावें, ही इच्छा योग्यच होती. चूक झाली ती अशी कीं, माप सर्वांस सारखें ठेवण्याच्या नादांत तें माणसाच्या मापाचें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें राहून गेलें. आणि गिअरच्या मनाईस तर तेंहि समर्थन नाहीं. गिअर सर्वांसच दिला असता तर कोणावर अन्याय झाला असता? प्रकृतीमुळें देग्रांजनें सूत्रें खालीं ठेविल्यावर, १९३७ सालीं, ती मनाई उठली. १९४० सालीं तो वारला. लापीझ व फाबेर यांस मात्र तो बदल पाहावयास मिळाला नाहीं. फाबेर १९१५ सालीं रणांगणावर पडला, आणि लापीझचें विमान १४ जुलै १९१७ रोजीं, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्याच दिवशीं, शत्रूनें पाडलें.

टूरमालेचा रस्ता आतां डांबरी आहे. माथ्यावर एका सायकलस्वाराचा मोठा धातूचा पुतळा आहे. त्याला लापीझच्या नांवानेंच ओळखतात. हिंवाळ्यापूर्वीं तो खालीं आणतात आणि जूनमध्यें शेंकडों सायकलस्वारांच्या मिरवणुकींतून पुन्हां वर नेतात. मौज अशी कीं, डांबर झाल्यापासून लोकांस खडी गोड लागूं लागली आहे. इटलींत पीडमाँटच्या डोंगरांत फिनेस्त्रे नांवाची खिंड आहे, किल्ल्याकडे सैन्य नेण्यासाठीं मूळ बांधलेली. तिच्या माथ्याकडील सुमारें ८ किलोमीटर रस्ता अजून कच्चा आहे. २००५ पासून इटलीची मोठी शर्यत अधूनमधून मुद्दाम तिकडून नेतात, आणि हौशी मंडळी रुंद टायरांच्या सायकलींवर तंबू-पथारी बांधून अशाच वाटा हुडकीत गांवोगांव हिंडतात. लापीझनें ज्या रस्त्यास शिव्या दिल्या तसल्या रस्त्यासाठीं हे लोक रजा काढतात! परंतु त्यांच्या सायकलींकडे नीट पाहावें. मागच्या चाकावर दहाबारा दांतेरी चक्रें असतात, आणि त्यांतील सर्वांत मोठें एखाद्या जेवणाच्या ताटलीएवढें असतें. वेलोसियोचें म्हणणें त्यांनीं मान्य केलें आहे.

देग्रांजचेंहि एक म्हणणें मान्य केलें आहे, पण दुरुस्त करून. युरोप ओलांडून जाणारी एक लांब पल्ल्याची शर्यत माइक हॉल या इंग्रज स्वारानें २०१३ सालीं सुरू केली. (तो स्वतः २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील अशाच एका शर्यतींत मोटारीच्या धडकेनें मरण पावला.) तींतहि प्रत्येकानें आपलें आपण जावयाचें, मागून मदतीची गाडी नाहीं, राखून ठेवलेली माणसें नाहींत. मात्र वाटेंतील जें दुकान, जी खाणावळ, जो कारागीर कोणाहि वाटसरूस पैसे देऊन मिळूं शकतो, तो घेण्यास मोकळीक आहे. सेंत-मारी-द-कांपां येथें त्या जुन्या भट्टीच्या गांवांत आतां क्रिस्तोफचा पुतळा आहे. या नव्या नियमानें पाहिलें तर लोहाराची भट्टी गांवांतल्या सर्वांस उघडी होती. लोहारानें स्वतः घण उचलला असता तरी चाललें असतें, आणि पोरानें भाता ओढल्याबद्दल तीन मिनिटांचाहि दंड झाला नसता.